सुभद्रेच्या ओळींची वाईन

विद्युल्लताबाईंनी घोट तोंडात घेतला, डोळे मिटून गालांत घोळवला, आणि सोबत आणलेल्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकला.

गोपाळरावांचा चेहरा उतरला.

बाई इंदूरहून आलेल्या. वाईन चाखून तिचा दर्जा सांगणं हा त्यांचा धंदा. पण सरदारपूरच्या या ओसरीवर आजवर कुणी घास थुंकला नव्हता. गोपाळरावांची बायको सुभद्रा नवी नवरी असताना वरणात दोनदा मीठ पडलं होतं, तरी अख्खी पंगत मुकाट जेवून उठली होती. घरधन्यासमोर तोंडातलं बाहेर काढणं म्हणजे त्याच्या अन्नाला पाय लावणं.

"देख लिया ना, बाबा?" मुलगा चिराग हलकेच म्हणाला. "आता तरी माना. मोनू भिया ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा आहे. द्राक्षाच्या वेली निघाल्या की लसूण लावू."

ठरलंच होतं तसं. बाईंना वाईन आवडली तर वेली राहतील, नाहीतर आजच निघतील.

दोन द्राक्षं मिळून केलेली ही लाल वाईन. कॅबर्नेच्या ओळी गोपाळरावांच्या, शिराझच्या सुभद्रेच्या. तिनेच रोपं लावली, तिनेच तारेवर चढवली, कोवळ्या फुटव्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिनेच बांधलं. फळ उतरायच्या आठवड्यात ती गेली. तेरावं झालं आणि तिचे घड त्यांनी एकट्याने तोडले. कुणाला हात लावू दिला नाही.

बाईंनी वहीत काहीबाही लिहिलं. पुन्हा घोट घेतला. पुन्हा थुंकला.

गोपाळराव उठले. बाटलीला बूच लावलं.

"लांबून आलात, ताई. त्रास दिला." मग मुलाकडे न बघताच म्हणाले, "जा. सांग मोनूला."

चिराग पायऱ्या उतरू लागला.

"अहो, थांबा!" विद्युल्लताबाईंनी वही मिटली, भांडं टेबलाखाली सरकवलं आणि पेला पुढे धरला. "काका, बूच का लावलंत? दिवसाला तीस-चाळीस वाइनी चाखते मी, सगळ्या गिळल्या तर जीभ काय सांगणार? ते माझं काम होतं, झालं. आता मला प्यायला द्या."