पाच आणि एक

टेलिफोन वाजला तेव्हा ओक्तावचा हात लोखंडी दाराच्या कडीवर होता. आतल्या बाजूचं कुणी जिवंत नाही, असं पाचच मिनिटांपूर्वी त्यानं वर कळवलं होतं.

"दाजी?" पलीकडून आवाज आला. "मी इलारी."

इलारी म्हणजे त्याच्या बायकोचा, लिवियाचा, धाकटा भाऊ. सकाळी खाणीत उतरताना त्यानं ओक्तावच्या डब्यातला सॉसेजचा तुकडा पळवला होता आणि वर "ताईचा हात बिघडलाय" असं म्हणून हसला होता.

"कुठं आहेस?"

"आत, पंपाजवळ. मधे छत कोसळलंय. दाराकडं येता येत नाही."

जिऊ नदीच्या खोऱ्यातल्या त्या कोळशाच्या खाणीत दहाच्या सुमारास वायूचा धमाका झाला होता. खोल आतल्या बोगद्यात आग लागली होती आणि कोसळलेल्या दगडांवरच्या फटीतून धूर बाहेर येत होता. दाराच्या अलीकडे ओक्ताव मुकादम आणि त्याची चार माणसं अडकली होती. त्यातल्या दोघांचे पाय मोडलेले. लिफ्ट मधेच अडकली होती. ती खाली यायला पाऊण तास लागणार, असं वरून सांगितलं होतं. पाऊण तास त्या धुरात कुणी टिकलं नसतं. दार लावलं तर धूर आतच कोंडला असता.

"तिकडं किती जण आहात?" इलारीनं विचारलं.

"पाच. दार लावणार होतो. आत कुणी उरलं नाही असं वाटलं."

"दाजी, तू स्वतः अजून खालीच आहेस ना?"

"मग कुठं जाणार? लिफ्टच नाही."

"ताईला कितवा महिना?"

"आठवा संपत आला. हे काय आत्ता विचारतोयस? तुझ्याबरोबर आत असलेली कोर्नेलची टोळी कुठाय?"

पलीकडं शांतता पसरली. फोन तुटला की काय, असं ओक्तावला वाटलं.

"गेले," इलारी म्हणाला. "सातही जण. पहिल्याच धमाक्यात. मी एकटाच आहे. दार लाव."

ओक्तावनं रिसीव्हर छातीशी दाबून धरला. मागं म्हातारा घेरासिम उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"जिवंत माणसावर दार लावायचं?" घेरासिम म्हणाला. "बत्तीस वर्षं खाणीत काढली, असलं काम केलं नाही. चल, फावडी घे. खणू."

"कोण खणणार?" जमिनीवर पडलेला लास्कू ओरडला. त्याच्या मोडक्या पायाला लाकडाची फळी बांधली होती. "तू, मुकादम आणि एक जण. धूर तुमची वाट बघत बसेल होय? घरी तीन पोरं आहेत माझी. एकासाठी पाच जणांनी मरायचं?"

"तुझा मेहुणा असता म्हणजे?"

"माझा नाहीये, म्हणून तर मला बोलता येतंय. मुकादमाला कसं बोलता येईल?"

लास्कूला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. ओक्तावनं रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"इलारी, अर्धा तास खणून बघतो."

"वेडा आहेस का दाजी? मी बघितलाय ढिगारा. दोन दिवस हलणार नाही तो. तुम्ही पण मराल आणि मी पण. हिशेब सोपा आहे."

"मला नाही जमायचं रे."

"जमेल. ताईला सांग, धमाक्यातच गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला." आवाज आता अगदी हळू झाला होता, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "लाव आता. लवकर लाव, दाजी."

ओक्तावनं दार लावलं. कडी त्यानंच घातली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घेरासिमनं हेल्मेट काढलं आणि भिंतीकडं तोंड केलं. टेलिफोन त्यानंतर वाजला नाही.

पाचही जण वाचले.

ओक्तावला खोटं बोलणं जमलं नाही. त्यानं त्याच दिवशी लिवियाला सगळं सांगितलं. तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि नऊ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग मुलगा झाला. तिनंच त्याचं नाव इलारी ठेवलं.

धमाक्यानंतर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये आठही जणांसाठी प्रार्थना झाली. उकडलेल्या गव्हाच्या गोड प्रसादावर आठ मेणबत्त्या लावल्या होत्या. पाद्र्यानं इलारीबद्दल सांगितलं तेव्हा लास्कू कुबड्यांवर उभा राहून हमसून हमसून रडला. कोर्नेलची विधवा बायको पुढं आली आणि तिनं लिवियाचे हात हातात घेतले.

"माझ्या माणसाला वाचवणं कुणाच्या हातात नव्हतं गं," ती म्हणाली. "पण तुझ्या भावानं पाच घरं राखली. देव त्याला जवळ घेईल."

लिविया त्या दिवशी पहिल्यांदा ओक्तावचा हात धरून घरी गेली.

दोन महिन्यांनी आग विझल्याची खात्री झाली आणि दार उघडायचं ठरलं. पहिलं फावडं मीच मारणार, असा ओक्तावनं हट्ट धरला. इलारीला स्वतःच्या खांद्यावरून वर आणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. काम दोन दिवस चालेल म्हणून तीन पाळ्यांची माणसं बोलावली होती.

तासाभरातच ओक्तावचं फावडं आरपार गेलं.

त्यानं भोक मोठं केलं आणि दिवा आत धरला. पलीकडच्या बाजूनं ढिगारा आधीच उपसलेला होता, दगड भिंतीकडेला रचून ठेवले होते. आणि तिथंच, हातात पहारी आणि फावडी धरून, कोर्नेल आणि त्याचे सहाही साथीदार पडले होते.