डॅशबोर्डवरचे मोर

केतकीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर सारखा घसरत होता. गिऱ्हाईक येण्याआधी जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर सगळे पितळी मोर बसायलाच हवेत! नटलेली गाडी बघून बाबा ती विकायचं नाव काढणार नाहीत, असा तिचा बेत.

पण भुललं गिऱ्हाईकच. "वा, काय सजावट! मालक, आत्ताच नेतो बघा."

केतकीचं डोकंच फिरलं. बालवाडीपासून ह्याच गाडीत बाबांच्या शेजारी बसून ती शाळेला गेलेली. तिनं पटापट मोर उचकटायला सुरुवात केली. "मोर माझे आहेत. ते नाही मिळायचे!"

डॅशबोर्डची चाळण बघून गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं आणि ते सरळ चालतं झालं.

बाबांनी कपाळावर हात मारला. "कार्टे, एवढी भोकं! आता ही गाडी नेणार कोण?"

"तुम्हीच की, बाबा!"