चितपट

धैर्यशील मुरगूडला पोचला तेव्हा स्टँडसमोर त्याचाच वीस फुटी फ्लेक्स झळकत होता: ‘जगभर गाजलेले आपले शास्त्रज्ञ, हार्दिक अभिनंदन!’ पेपरात फोटो दिसला म्हणून तालीम मंडळानं हौसेनं लावला होता. फोटोखालची बातमी कुणी वाचलीच नव्हती. विश्व कसं घडलं याचा त्यानं उभ्या आयुष्यात मांडलेला एकुलता एक सिद्धांत परदेशातल्या प्रयोगात साफ खोटा ठरला होता.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो वडिलांना, आकाराम वस्तादांना म्हणाला, “आण्णा, मी हरलोय. तो फ्लेक्स आधी उतरवायला सांगा.”

वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. “समोर गडी किती हुतं?”

“तीन हजार शास्त्रज्ञ. भलंमोठं यंत्र बांधलं त्यांनी. बावीस वर्षं लागली.”

“आनि तुज्याकडनं?”

“मी एकटाच. वही आणि पेन.”

वस्ताद तडक उठले, ठेवणीतला फेटा काढून पोराच्या डोक्यावर ठेवला आणि दारातनंच तालमीकडं तोंड करून गरजले,




“एकट्या गड्याला पाडायला तीन हजार जण बावीस वर्सं झटत हुतं! फ्लेक्स ऱ्हाऊ दे, हलगी बोलवा की रं!”