वकिलातीतलं हळदीकुंकू

"परदेशी वकिलात असली म्हणून काय झालं? दिल्लीत माझ्या परवानगीशिवाय पानही हलणार नाही!" असं ड्रायव्हरला ठणकावून परराष्ट्र खात्यातले कारखानीस उतरले आणि फाटकाबाहेरच थांबले. राजदूतांनी बोलावल्याशिवाय वकिलातीत पाऊल टाकायचं नाही, हा नियमही त्यांच्याच खात्याचा होता.

त्यांचं नवं परिपत्रक त्याच सकाळी लागू झालं होतं. वकिलातीत दहापेक्षा जास्त स्थानिक पाहुणे बोलवायचे, तर आठ दिवस आधी कळवायचं. आणि पहिल्याच दुपारी राजदूतांच्या बायकोने मराठी मंडळाच्या चाळीस जणींना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. हे आज थांबवलं नाही, तर उद्या खात्यातला शिपाईसुद्धा हसणार.

फुटपाथवर सुटाबुटातले राजदूत एकटेच उभे होते.

"एक्सलन्सी, मला आत जायची परवानगी हवी," कारखानीस म्हणाले.

"मलाच नाहीये, तर तुम्हाला कुठून देऊ?" राजदूत म्हणाले. "बायकांचा कार्यक्रम, पुरुषांचं इथे काय काम, असं म्हणून हिरव्या पैठणीतल्या बाईंनी मला बाहेर काढलं."

हिरवी पैठणी सकाळी कारखानिसांच्याच घरातून निघाली होती. तेवढ्यात आतून हशा उसळला आणि त्यात बायकोचं खळखळून हसणं त्यांना ओळखू आलं. दिल्लीला बदली झाल्यापासून दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

कारखानिसांनी परिपत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि फाटकाच्या गजांतून हाक मारली.

"अगं, ऐकतेस ना? बाहेर आम्ही दोघं आहोत. तिळगूळ तेवढा पाठव."