अपुरं वर्तुळ

उर्मिला खर्डेकरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली ती भांडायचं ठरवूनच. गोदामातल्या प्रत्येक कामगाराच्या गळ्यात, गुरांच्या असतो तसा, पट्टा होता. कुणी उलट बोललं की साहेब बटण दाबायचे आणि तो मानेतली एक धमनी आवळायचा. परवा त्यानेच तिच्या धाकट्या बहिणीचं, वृंदाचं, अर्धं अंग लुळं पडलं होतं.

“पट्ट्यात दोष नाही,” साहेब म्हणाले. “एक धमनी दाबली तरी मेंदूच्या तळाशी धमन्यांचं वर्तुळ असतं, त्यातून दुसऱ्या बाजूचं रक्त पोचतं. तुझ्या बहिणीचं वर्तुळच जन्मापासून अपुरं. त्याला कंपनी काय करणार?”

“जीभ झडत कशी नाही तुमची?”

साहेबांनी बटण दाबलं. पट्टा आवळला, पण उर्मिला जागची हलली नाही.

“दाबा अजून! माझं वर्तुळ पूर्ण आहे, तपासून आलेय मी.” तिने पट्टा ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला. “आता तुम्ही घाला.”

“मी कशाला?”

“दोष नाही ना त्यात?”

साहेबांचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला. काचेपलीकडे सगळे कामगार काम टाकून तो हात बघत होते.

मग तिकडे पहिला पट्टा फरशीवर पडला.