दोन वेस्टगेट आणि एक खूण

बापाने खिशातून खडू काढला आणि धाकट्याच्या मॅनिफोल्डवर बरोबरची खूण केली. शेजारी थोरल्याचं मॅनिफोल्ड होतं, तसंच इंजिनाचा धूर टर्बोत नेणाऱ्या नळ्यांचं जुडगं. त्यावरून त्याने नुसता हात फिरवला, आणि खडू परत खिशात.

झालं! थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

आठ दिवस गॅरेजात एकच वाद चालला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंची टर्बो गाडी रविवारी घाटातल्या शर्यतीत उतरायची होती. तिच्या मॅनिफोल्डला वेस्टगेट एक लावायचं की दोन? वेस्टगेट म्हणजे काही जगावेगळी चीज नाही. टर्बोला झेपेल त्याहून जास्त गरम धूर आला, की त्याला परस्पर बाहेर काढून देणारी झडप. ती कमी पडली की दाब चढत जातो आणि इंजिनाचे बारा वाजतात. धाकटा म्हणे, एकच मोठं लावू. वजन कमी, गळायच्या जागाही कमी. थोरला म्हणे, या इंजिनाच्या चार नळ्या दोन-दोनच्या जोडीने टर्बोत शिरतात, तेव्हा दर जोडीला आपापलं वेस्टगेट हवं. दोघंही हटेनात. शेवटी बाप वैतागला. "तोंडं बंद करा आणि दोन्ही बनवून आणा," म्हणाला.

दोघांनी बनवून आणली होती. आणि खूण कोणाच्या कामावर? धाकट्याच्या.

"दादा, बघितलंस?" धाकट्याचा चेहरा नुसता फुलला होता. "आतल्या बाजूचं वेल्डिंग पहिल्यांदाच असं जमलंय. खूण मिळाली!"

"मिळणारच. लाडका ना तू."

"घ्या! एवढा मोठा झालास तरी तुझं हे आहेच." धाकटा हसतच गाडी वर उचलायला गेला. बापही डॉक्टरीणबाईंना फोन करायला कोपऱ्यातल्या केबिनमध्ये शिरला.

थोरला टेबलापाशी एकटाच राहिला. शिकत होता तेव्हा त्याच्याही कामावर खूण व्हायची. अकरा वर्षांपूर्वी धाकटा गॅरेजात आला आणि त्याच वर्षी ती बंद झाली. "शाबास" हा शब्द म्हाताऱ्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. जे काही कौतुक होतं ते त्या खडूत होतं, आणि खडू धाकट्याने पळवला होता. थोरल्याचं काम बिनखुणेचंच गाडीला चढायचं. घरचाच गडी, जातो कुठे? त्याला कशाला शाबासकी!

त्याने धाकट्याचं मॅनिफोल्ड उजेडाकडे धरलं. कुठे तरी खोट निघेल म्हणून एकेक जोड डोळ्यांत तेल घालून पाहिला. एकही वाकडा नव्हता. त्यामुळे तर तो जास्तच जळला.

त्याने अंगठा ओला केला आणि खूण पुसली. एकदा पुसून जाईना, म्हणून पुन्हा घासली. मग मॅनिफोल्ड होतं तसं खाली ठेवलं आणि पाना शोधायचं नाटक करत बसला. खूण गेली म्हणून बरं वाटायला हवं होतं. ते काही वाटेना.

बाप बाहेर आला. "बाईंना संध्याकाळी बोलावलंय," तो म्हणाला आणि धाकट्याला हाक मारली, "चल रे, चढव. बिनखुणेचं घे."

धाकटा टेबलावर वाकला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "बाबा, दोन्ही बिनखुणेचीच आहेत."

"कसं शक्य आहे? बरं, दोन वेस्टगेटवालं घे. तुझ्या दादाचंच खरं आहे, या इंजिनाला दोनच हवीत. तुझं चांगलं झालंय, ते दुसऱ्या गाडीला लावू. पण तुझ्या कामावर मी खूण केली होती ना?"

"केली होती की. मी दादाला दाखवलीसुद्धा."

"मग गेली कुठे? खूण म्हणजे मी तपासलंय. तुझं अजून तपासावं लागतं, तू घाई करतोस." बापाने थोरल्याकडे मान वळवली. "याचं मी अकरा वर्षांत तपासलेलं नाही. कधी गरजच पडली नाही."

थोरल्याने हात हळूच मागे नेला.

"हात बघू," बाप म्हणाला. लहानपणी जेवायला बसताना म्हणायचा, अगदी तसंच.

थोरल्याने हात पुढे केला. सगळा पंजा ग्रीसने काळा आणि अंगठ्याचं टोक तेवढं पांढरं. धाकट्याने पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. बाप ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर थोरल्याला परवडलं असतं.

पण बापाने दोन वेस्टगेटवालं मॅनिफोल्ड उचललं, चष्मा चढवला, टॉर्च पेटवला. एकेक जोड पाहिला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला, नखाने खरवडून पाहिला. कुठल्या तरी अनोळखी माणसाचं काम आल्यासारखा तो पाहत होता, आणि थोरला तिथेच, हात पुढे करून उभा होता.

"बरोबर आहे," शेवटी बाप म्हणाला, "चढवा आता."

आणि खिशातून खडू काढून त्याने थोरल्याच्या कामावर खूण केली.