पाण्याची पातळी

गुनसानला एकटी राहणारी आई खिडकीतल्या पेटीत, मातीविना, नुसत्या पाण्यावर सांगचूची, म्हणजे कोरियन लेट्यूसची, पानं वाढवायची. पेटीतली पातळी सोलमध्ये तिच्या मुलाच्या, सूंगबेच्या फोनवर दिसायची. सकाळी पाणी वाढलं, की आई उठली, बरी आहे. मग वेगळा फोन कशाला करायचा?

आज पाणी काठोकाठ दिसलं. मुळांना हवा लागते म्हणून आई पेटी कधीच पूर्ण भरत नसे. तिनं फोन उचलला नाही. त्यानं शेजारच्या मावशींना लावला.

"अरे, पाणी मीच ओतते रोज. किल्ली देऊन गेलीय ना ती! जास्त झालं का? मुळं कुजली तर आल्यावर माझंच डोकं खाईल."

"गेलीय? कुठे?"



"चेष्टा करतोस काय म्हातारीची? तूच तर गाडी पाठवलीस तिला न्यायला!"